नानांचा चेहरा टिपणारा टोपीकर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाना फडणवीस म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चेहरा उभा राहतो. उभट, सडसडीत माणूस, साधी पांढरी वस्त्रे, आणि समोरच्याचे पाणी जोखणारी नजर. शाळेच्या पुस्तकात हा चेहरा आपण पाहिला, नाटकातल्या नटांनी याच चेहऱ्याची रंगभूषा केली, आणि हळूहळू नाना असेच होते हे आपण गृहीत धरून टाकले. गंमत अशी की या बाबतीत आपले गृहीत फारसे चुकलेले नाही. थोरल्या बाजीरावांचे रूप आपल्याला लघुचित्रांवरून आणि बखरीच्या वर्णनांवरून जुळवावे लागते. नानांचे तसे नाही. नाना एका चित्रकारासमोर प्रत्यक्ष बसले होते. सवाई माधवराव पेशवे बसले होते. महादजी शिंद्यांचेही तैलचित्र त्याच हाताने झाले. त्या चित्रकाराचे नाव जेम्स वेल्स. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

आपल्या पूर्वजांच्या लेखी हे सगळे टोपीकरच. पण वेल्स काटेकोरपणे इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीनशायर परगण्यात पीटरहेड नावाचे बंदर आहे, तिथे १७४७ साली त्याचा जन्म झाला. ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. चित्रकला मात्र तो बरीचशी आपली आपणच शिकला. पुढे लंडनला गेला, तिथल्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. पण प्रदर्शनात चित्र लागणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. लंडनमध्ये त्या काळी रेनॉल्ड्स, गेन्सबरो, रॉम्नी अशी मातब्बर मंडळी होती. सरदार-दरकदार त्यांच्याकडे जात. चाळिशी ओलांडलेल्या, वडीलधारी ओळख नसलेल्या, घरी बायको-मुली असलेल्या स्कॉटिश माणसाकडे कोण येणार?

अशा माणसांना तेव्हा एक वाट दिसत असे, ती म्हणजे हिंदुस्थान. टिली केटल हा व्यक्तिचित्रकार १७६९ मध्ये मद्रासला उतरला होता. झोफनी १७८३ ते १७८९ या काळात कलकत्ता आणि लखनौला राहून भरपूर कमावून परतला होता. नबाबांना आणि कंपनीच्या साहेबांना आपापली चित्रे हवी असत, आणि मोबदला सढळ असे. मात्र कुणीही उठावे आणि जहाजात बसावे असे नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना लागे. तो मिळवून वेल्स १७९१ च्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, मुंबईला उतरला. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

मुंबई त्या वेळी कलकत्त्याच्या मानाने गरीब. साहेबांची संख्या थोडी, त्यात चित्रे काढून घेणारे त्याहून थोडे. वेल्सने बेटावर हिंडून दृश्ये टिपायला सुरुवात केली. माझगावच्या टेकडीवरच्या बेलमाँट बंगल्यावरून दिसणारे बंदर, लव्हग्रोव्हकडून दिसणारे वरळीचे खिंडार, अशी ती चित्रे. 'मुंबई बेट आणि परिसराची बारा दृश्ये' अशा अर्थाच्या नावाने ती पुढे १८०० साली लंडनला छापली गेली. गिरण्या, चाळी, आगगाडी यांच्यापूर्वीची मुंबई कशी दिसत होती हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ती जरूर पाहावीत. पण वेल्सचे नाव इतिहासात राहिले ते मुंबईमुळे नव्हे. ते राहिले पुण्यामुळे, आणि पुण्याला त्याला ओढून नेले ते चार्ल्स वेअर मॅलेट या माणसाने.

मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा पहिला रेसिडेंट. १७८६ मध्ये तो पुण्यास आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याने मुक्काम ठोकला. हुशार, चौकस, पाताळयंत्री म्हणावा इतका धोरणी. त्याने आपल्या कारकिर्दीत जे सर्वांत मोठे काम केले ते म्हणजे टिपूविरुद्धची युती. १ जून १७९० रोजी पुण्यात कंपनी आणि पेशवे यांचा तह झाला, निजाम त्यात सामील झाला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला शनिवारवाड्यात भर दरबारात मंजुरीच्या तहनाम्याची देवघेव झाली. मॅलेटला याबद्दल १७९१ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. आता आयुष्यातला असा दिवस भिंतीवर टांगायला कुणाला आवडणार नाही? मॅलेटला त्या दरबाराचे भव्य तैलचित्र हवे होते. त्यासाठी चित्रकार हवा होता, आणि नेमका त्याच सुमारास वेल्स मुंबईत काम शोधत होता.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे चित्रकार नव्हते असे मुळीच नाही. पेशव्यांच्या पदरी चितारी होते, वाड्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या, जयपूरकडचे कारागीर पुण्यात येत. पण त्यांची रीत वेगळी. राजाचे चित्र काढायचे म्हणजे बहुधा एका बाजूने, पाऱ्यावरच्या प्रतिबिंबासारखे नव्हे तर नाण्यावरच्या मुद्रेसारखे. त्यात राजेपण दिसावे, अंगावरचे दागिने मोजता यावेत, हा हेतू. चेहऱ्यावर उजेड कुठून पडला आणि सावली कुठे गेली याची पंचाईत आपल्या चिताऱ्याने केली नाही, कारण त्याला त्याची गरज नव्हती. वेल्सची रीत उलटी. तो माणसाला समोर बसवी, थोडा तिरका, खिडकीचा उजेड एका गालावर येईल असा. मग कॅनव्हासवर तेलात खललेल्या रंगांचे थरावर थर. ते तेल कशाचे? जवसाचे. आमच्या विदर्भात जवस कशी खातात हे सांगायला नको. चटणीला ज्याची चव, त्याच बियांच्या तेलात युरोपातल्या बादशहांची मुखे घोटली जात होती. हे तेल सावकाश वाळते, म्हणून रंगात रंग मिसळून गालाची गोलाई दाखवता येते. या रीतीत राजा राजा राहतोच, पण त्याबरोबर तो एक विशिष्ट वयाचा, विशिष्ट प्रकृतीचा माणूसही होऊन जातो. दरबाराला हे नवे होते.

१७९२ मध्ये वेल्स घाट चढून पुण्याला आला. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. त्या साली काढलेले दोघांचे एकत्र तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशवे बैठकीवर, शेजारी नाना, मागे सेवक. मी ते छापील प्रतींवरून पाहिले आहे, आणि जितक्या वेळा पाहावे तितक्या वेळा माझी नजर रत्ने-मोती ओलांडून त्या मुलाच्या तोंडावर जाते. अठरा वर्षांचे पोरगेच ते. जन्मण्याआधी बापाचा खून झालेला, जन्मल्यावर चाळीस दिवसांचा होताच पेशवाईची वस्त्रे मिळालेली, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस शेजारी बसलेल्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाच्या नजरेखाली गेलेला. वेल्सला मराठ्यांचे राजकारण कितपत कळत होते, याला महत्त्व नाही. त्याने दोन माणसे शेजारी शेजारी बसवली आणि जे दिसले ते काढले. कारभारी आणि धनी यांचे नाते त्यात येऊन गेले. हे माझे वाचन आहे, पण चित्र पाहून तुम्हीही फार वेगळे बोलाल असे वाटत नाही.

आमच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. मोहाडीतही कोष्ट्यांचे माग होते. विणकराच्या गावच्या माणसाला अशा चित्रात आधी कापड दिसते. पेशव्यांच्या अंगावरचे ते झिरझिरीत पांढरे वस्त्र, त्यातून दिसणारी खालच्या कापडाची कड, पागोट्याचे पेच. पांढऱ्यावर पांढरे रंगवणे ही व्यक्तिचित्रकाराची खरी परीक्षा. वेल्सच्या समकालीनांत त्याच्यापेक्षा थोर चित्रकार पुष्कळ होते, हे मान्य केले पाहिजे. त्याची हाताची आणि बोटांची रेखाटने कधीकधी लाकडी वाटतात. पण डोक्यापासून छातीपर्यंत त्याचा हात पक्का होता.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात दाखल झाले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकची वस्त्रे पेशव्यांना अर्पण करण्याचा तो गाजलेला समारंभ याच महिन्यातला. त्यानंतर महादजी पुण्यातच होते, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीत त्यांचे निधन झाले. म्हणजे नाना आणि महादजी, मराठेशाहीचे एकमेकांकडे संशयाने पाहणारे हे दोन खांब, एका शहरात असण्याचा काळ दीड-पावणेदोन वर्षांचा, आणि नेमक्या त्याच काळात हा स्कॉटिश माणूस ब्रश घेऊन तिथे होता. वेल्स दोन-तीन वर्षे उशिरा आला असता तर महादजींचा चेहरा त्याच्या हातून निसटला असता, आणि लंडनमध्ये त्याचे बरे चालले असते तर तो आलाच नसता.

मॅलेटची हिंदुस्थानी जोडीदार अंबर कौर हिचेही चित्र वेल्सने काढले. तिच्यापासून मॅलेटला मुले झाली होती. दरबारी कागदांत अशा स्त्रियांची नावे सहसा येत नाहीत, आणि तहनाम्यावर तर येतच नाहीत. चित्रात मात्र ती आली.

वेल्सच्या पुण्यातल्या कामाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. शनिवारवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेची एक लहानशी शाळा निघाली होती, याची हकिकत द. ब. पारसनीस यांनी 'पूना इन बायगॉन डेज' या १९२१ च्या पुस्तकात दिली आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. म्हणजे हा प्रयोग त्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधीचा. त्या शाळेचे फार दिवस चालले नाही, पण एका माणसाचे नाव तिच्यामुळे, किंवा मॅलेट-वेल्सच्या सहवासामुळे म्हणा, आपल्याला कळते. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

आडनावावरून कुळी उघड आहे. तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या घरातला हा मुलगा. भंडाऱ्याच्या माणसाला याचे विशेष वाटू नये, पितळी भांड्यांचे गाव म्हणूनच आमचा जिल्हा ओळखला जात आला आहे. पत्र्यावर खिळ्याने नक्षी उठवणाऱ्या हाताला रेषेचे वळण उपजत असते. गंगाराम वेल्स येण्याआधीपासूनच मॅलेटसाठी चित्रे काढत होता. १७९० च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र काढले, ते आजही आहे. सवाई माधवरावांना पशुपक्ष्यांचा मोठा नाद होता. त्या गेंड्याचे कातडे, घड्या, पायातली साखळी, सगळे असे टिपले आहे की चितारी आणि प्राणिशास्त्रज्ञ या दोघांच्या मधला तो माणूस वाटतो. वेल्स आल्यावर गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागला. सोबत रॉबर्ट मेबन नावाचा आणखी एक स्कॉटिश सहायक होता. वेल्स चेहरे करी. वास्तू, मूर्ती, मोजमापे, खांबांवरची नक्षी यांत गंगाराम त्याचा उजवा हात झाला.

कारण वेल्सला आता दुसरे वेड लागले होते, लेण्यांचे. १७९३ मध्ये थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे निसर्गदृश्यांचे नामांकित चित्रकार हिंदुस्थानभर हिंडून मुंबईला आले. वेल्सने त्यांना आसपासची लेणी हिंडून दाखवली. घारापुरी, कान्हेरी, कार्ले. पुढे त्याने वेरूळची मोहीम काढली. १७९४ मध्ये मॅलेट स्वतः वेरूळ पाहून आला होता. १७९५ मध्ये वेल्स गंगारामला घेऊन तिथे राहिला आणि कैलासासह एकेका लेण्याची दृश्ये आणि मापे त्याने घेतली. माणसांचे चेहरे काढून जगणारा हा माणूस आता दगडातल्या देवांचे चेहरे काढत होता. यात पैसा नव्हता. त्याला लेण्यांवर एक मोठा ग्रंथ करायचा होता.

तो ग्रंथ त्याच्या हातून झाला नाही. १७९५ हे वर्ष पुण्याच्या दृष्टीने विलक्षण. मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. नागपूरकर भोसल्यांसह सगळे मराठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली शेवटचे एकत्र आले आणि निजामाला नमवले. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. ते पडले की त्यांनी उडी घेतली यावर वाद अजून संपलेला नाही. वेल्स त्या सुमारास साष्टीच्या जंगलात होता, कान्हेरीची लेणी काढत. कान्हेरीचे रान तेव्हा तापासाठी कुप्रसिद्ध. त्याला ताप भरला आणि नोव्हेंबरमध्ये ठाण्याला त्याचा अंत झाला. चित्रातला पेशवा आणि चित्रकार, एका महिन्याच्या आत दोघेही गेले. एक एकविसाचा, दुसरा अठ्ठेचाळीसचा. चार वर्षे आणि चार महिने, इतकीच वेल्सची हिंदुस्थानातली कारकीर्द.

मागे राहिले ते रेखाटनांचे गठ्ठे, रोजनिशी, अर्धवट चित्रे आणि पोरक्या मुली. पुढचा भाग कादंबरीत शोभेल असा आहे. मॅलेटने १७९९ मध्ये वेल्सच्या थोरल्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले. आपल्या आश्रित चित्रकाराचा मॅलेट असा मरणोत्तर जावई झाला. यातला भावनेचा भाग किती आणि उपकाराचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. एक मात्र खरे, वेल्सचे कागद वाऱ्यावर गेले नाहीत ते यामुळे. मॅलेटने ते थॉमस डॅनिएलच्या हाती दिले. १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये डॅनिएलच्या देखरेखीखाली लंडनला प्रसिद्ध झाली, वेल्सच्या नावाने. युरोपातल्या वाचकांनी कैलास लेणे नीट पाहिले ते या चित्रांतून.

आणि तो दरबार? तोही डॅनिएलनेच पूर्ण केला. १८०५ मध्ये रॉयल अकॅडमीत ते प्रचंड चित्र लागले. गणपतीच्या मूर्तीसमोर भरलेला शनिवारवाड्यातला दरबार, मध्यभागी पेशवे, मॅलेट तहनामा देत आहे, भोवती नाना आणि सरदारांची दाटी. एकेक मुख वेल्सच्या बैठकांतून आलेले. २००७ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने हे चित्र विकत घेतले.

हे चित्र पाहताना एक भान ठेवावे लागते. १७९० च्या ऑगस्टमध्ये वेल्स हिंदुस्थानात नव्हता. डॅनिएल हिंदुस्थानात होता, पण उत्तरेत. म्हणजे ज्या दोघांनी दरबार रंगवला त्यांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसे पंधरा वर्षांनी एका कॅनव्हासवर गोळा केली गेली. शिवाय चित्र ज्या साली लोकांपुढे आले त्या वेळी त्यातले पेशवे वारले होते, नाना १८०० मध्ये गेले होते, आणि दुसऱ्या बाजीरावांनी १८०२ च्या अखेरीस वसईला सही करून कंपनीची तैनाती फौज घेतली होती. लंडनच्या प्रेक्षकांना ते बरोबरीच्या दोन सत्तांमधल्या तहाचे चित्र वाटले नसणार, त्यांना पुढची गोष्ट माहीत होती. मॅलेटच्या दृष्टीने ते विजयचित्र होते. आपण ते त्या डोळ्यांनी पाहण्याचे कारण नाही. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा आगीत जळाला, आतले महाल गेले, उरले ते कोट, दरवाजे आणि कारंज्यांची जोती. संगमावरची रेसिडेन्सी तर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशीच पेटवली गेली होती. त्या गणेश महालाचे खांब, महिरपी, बैठकीची रीत हे सारे पाहायचे तर आज आपल्याला मॅलेटच्या हौसेखातर काढलेल्या याच चित्राकडे वळावे लागते.

पेशवे आणि नाना यांचे चित्र जिथे आहे त्या रॉयल एशियाटिक सोसायटीविषयी नागपूरकडच्या वाचकांसाठी एक तपशील. १८२३ मध्ये ही संस्था काढण्यात पुढाकार होता तो संस्कृत पंडित हेन्री कोलब्रूक याचा, आणि हा कोलब्रूक १७९९ ते १८०१ या काळात नागपूरला भोसल्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता. वेल्स काही वैनगंगेच्या खोऱ्यात आला नाही. तो आला असता, दुसऱ्या रघूजींना समोर बसवता, तर आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकातले एक पान वेगळे दिसले असते.

गंगाराम तांबटाची गोष्ट अजून पुरी उलगडलेली नाही. वेल्सची रोजनिशी आणि गंगारामची पुष्कळशी चित्रे फिरत फिरत अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात पोचली. कित्येक वर्षे त्यांच्याकडे मॅलेटच्या संग्रहातले कागद म्हणूनच पाहिले जाई. २०११ मध्ये तिथे या काळावर एक प्रदर्शन भरले आणि त्यात गंगारामचे काम त्याच्या नावानिशी लोकांनी पाहिले. वेरूळ-कार्ल्याची रेखाटने, पुण्यातले साधू आणि मल्ल, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला तो गेंडा.